मृग, होरा आणि लोकमान्य

मृग लागून चार दिवस झाले होते आणि आभाळ नुसतेच भरून येत होते. पिशोरच्या पारावर अशा दिवसांत दोनच विषय असतात : पाऊस आणि लग्न. यंदा नक्षत्राचे वाहन काय, बेडूक की कोल्हा, यावर बोलून झाले. मग आबांनी आपले गाऱ्हाणे काढले. नातीचे लग्न ठरून दोन महिने झाले. मुलगा चांगला, घर चांगले, देण्याघेण्याची कटकट नाही. पण तिथी काही केल्या धरेना. भटजींनी दोन मुहूर्त काढले आणि दोन्ही स्वतःच मोडले. कारण काय, तर जामित्र शुद्ध नाही.

"जामित्र म्हंजी काय वो?" आबांनी विचारले.

पारावर तालुक्याच्या कॉलेजात जाणारा एक पोरगा बसला होता. तो पटकन म्हणाला, "आबा, तो ग्रीक शब्द हाय. होरा पन ग्रीक. केंद्र पन ग्रीक. आमच्या सरांनी सांगितलं."

आबांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, हे खरं हाय का? आन् खरं आसंल, तर मंग आपला धरम बी उसनाच म्हनायचा का?"

वाचक मंडळी, हा प्रश्न चेष्टेचा नाही. ज्या शब्दांवर मुलाबाळांची लग्ने ठरतात, ते परक्या देशातून आलेले आहेत असे कळल्यावर साध्या माणसाच्या पोटात कालवणारच. म्हणून आजचे पान त्या प्रश्नाला देतो. आणि त्यासाठी मला एका मोठ्या माणसाची साक्ष काढायची आहे, कारण परकी सत्ता ज्याला क्षणभर सहन झाली नाही त्याने आयुष्यभर याच कोड्यावर डोके चालवले होते. तो माणूस म्हणजे लोकमान्य टिळक.

पण आधी शब्द पाहू.

पोरगा सांगत होता ते खरे आहे. जामित्र हा मुळात ग्रीक 'दिआमेत्रॉन'. वर्तुळाच्या मधोमध आरपार जाणारी रेघ, आपण शाळेत व्यास म्हणतो तो. कुंडलीत पहिल्या घरासमोर बरोबर सातवे घर येते. आरपार समोर म्हणून ते जामित्र. सातवे घर जोडीदाराचे, म्हणून लग्नाच्या वेळी ते पाहायचे. होरा म्हणजे ग्रीक 'होरा', वेळेचा तुकडा, तास. इंग्रजीतला 'अवर' त्याच झाडाचा फाटा.

आणि केंद्र! हा शब्द तर शेतकऱ्याने ऐकून ठेवावा असा आहे. ग्रीक भाषेत 'केन्ट्रॉन' म्हणजे टोचणारी अणी, बैलाला टोचायच्या पराणीची आर. पुढे वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक कागदात रुतवतात, त्या टोचलेल्या बिंदूला तेच नाव पडले. तिथून ते आपल्या ज्योतिषात आले, ज्योतिषातून गणितात, आणि आता आरोग्य केंद्र, खरेदी केंद्र, मतदान केंद्र, दिल्लीचे केंद्र सरकार. सगळ्यांच्या मुळाशी बैलाच्या पुठ्ठ्यावर टेकवलेली आर आहे. सरकारला हे कुणी सांगितले आहे की नाही, देव जाणे.

होऱ्यावर तर आपला आठवडी बाजारसुद्धा उभा आहे. वारांचा क्रम असाच का, रविवारनंतर सोमवारच का, याचा कधी विचार केलात? जुन्या ज्योतिष्यांनी ग्रह त्यांच्या चालीप्रमाणे लावले, सर्वांत मंद आधी : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसरात्रीचे चोवीस होरे. एकेक होरा एकेका ग्रहाला ओळीने द्यायचा, सात झाले की पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी सूर्योदयाचा होरा शनीचा. सातसातच्या तीन फेऱ्या म्हणजे एकवीस होरे, उरले तीन : शनी, गुरू, मंगळ. दुसऱ्या दिवशी उजाडताना चौथा येतो, रवी. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून पुन्हा चौथा मोजा, चंद्र येतो, सोमवार. चंद्रापासून चौथा मंगळ. बोटांवर मोजून पाहा, सातही वार चुकत नाहीत. वेदांत हे वार नाहीत. तिथे तिथी आहेत, नक्षत्रे आहेत, ऋतू आहेत. वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडचा सर्वांत जुना तारखेचा शिलालेख मध्य प्रदेशात एरण येथे आहे, इसवी सन ४८४ चा, आणि तो वार गुरुवार आहे.

मेष, वृषभ या बारा राशींचेही तसेच. त्या बाबिलोनकडून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आल्या. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त राशींची क्रिय, तावुरि, जितुम, पाथोन अशी नावे दिली आहेत. ती सरळ ग्रीक नावांची आपल्या जिभेवर बसलेली रूपे.

मात्र नक्षत्रांची गोष्ट निराळी. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा ही आपली, वेदकाळापासूनची. म्हणजे पंचांगात ज्यावर पेरणी ठरते ते घरचे आणि ज्यावर कुंडली मांडतात त्यातले बरेचसे पाहुण्याचे, असा हा संसार आहे.

हे पाहुणे आले कुठून? आपल्याच वाटेने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलेली वाटांची वही आज उपलब्ध आहे. तीत पैठणचे नाव आहे. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. माल गाड्यांतून, बिकट वाटांनी जाई, असेही त्यात आहे. आपल्या कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी अशाच एका घाटवाटेच्या कडेला कोरलेली आहेत, आणि तिथल्या खांबांवर पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्याच्या घराण्याने दान दिल्याची नोंद आहे. माल जिकडून जातो तिकडूनच शब्दही जातो. त्याला जकात लागत नाही.

ग्रीकांना आपले लोक यवन म्हणत. ग्रीसच्या इओनिया भागावरून पडलेले ते नाव. पुढे शेकडो वर्षांनी तोच शब्द मुसलमानांना लावू लागले, पण जुन्या लेण्यांत यवन म्हणजे ग्रीक, किंवा तिकडून आलेला परदेशी. कार्ल्याच्या लेण्यातले काही खांब यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे कातळातली टाकी, खोदून दिली. दुष्काळी मुलखातल्या माणसाला या दानाची किंमत मी काय सांगावी? आणि नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचा लेख आहे. त्याचे नाव पाहा : इंद्राग्निदत्त. बापाचे नाव धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. त्यांनी आपल्याला होरा दिला आणि आपल्याकडून इंद्र, अग्नी आणि धर्म घेऊन पोराबाळांची नावे ठेवली. मग उसने कुणी घेतले म्हणायचे?

ही देवाणघेवाण एकट्या आपल्या धर्मातली नाही. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्या आहेत. 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द, अर्थ तेलाने अभिषेक केलेला. 'बायबल' म्हणजे ग्रीकमध्ये पुस्तके. 'बिशप' म्हणजे मूळचा 'एपिस्कोपोस', वरून नजर ठेवणारा. आपल्या भाषेत मुकादम म्हणा. आपले मुसलमान शेजारी येशूच्या ग्रंथाला इंजील म्हणतात, तेही ग्रीकच, 'चांगली बातमी' या अर्थाचे. आणि कानून? 'कानोन' म्हणजे सरळ काठी, मोजायचा गज. ग्रीकांनी तो पूर्वेकडच्या बोरूच्या शब्दावरून घेतला. ख्रिस्ती मठांत त्याचा अर्थ नियम झाला, अरबांनी कायद्याला लावला, फारसीतून आपल्याकडे आला. निजामाच्या अमदानीत तलाठ्याच्या तोंडून 'कानून' ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांना आपण एका गवताच्या काडीला भितो आहोत हे ठाऊक नव्हते.

आता टिळक.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. वडील शाळामास्तर, संस्कृत आणि गणित घरातच. १८८१ साली 'केसरी' निघाला. त्यांचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे, पण हा माणूस रात्री आकाश आणि वेद एकत्र वाचत असे हे फारसे कुणी सांगत नाही. गीतेत श्रीकृष्ण म्हणतात की महिन्यांत मी मार्गशीर्ष. टिळक तिथे अडले. चैत्र का नाही? वर्षाचा पहिला महिना सोडून देवाने नववा का निवडावा? शेकडो वर्षे लोकांनी तो श्लोक पाठ म्हटला होता. अडला हा एकटा.

त्याचे उत्तर शोधताना त्यांनी जे पुस्तक लिहिले ते १८९३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. नाव 'ओरायन'. ओरायन म्हणजे आपला मृग. जूनमध्ये मृग लागतो तेव्हा सूर्यच तिथे असतो, म्हणून तारे दिसत नाहीत. ते दिसतात हिवाळ्यात. गव्हाला रात्रीचे पाणी देताना पूर्वेला वर पाहा : चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये बाणासारख्या ओळीत तीन चांदण्या, आणि खाली लखलखणारा व्याध. आपण म्हणतो व्याधाने मृगाला बाण मारला. ग्रीक म्हणतात तो ओरायन नावाचा शिकारी आणि व्याधाचा तारा त्याचा कुत्रा. तारे तेच, शिकारही तीच. फक्त मारणारा कोण आणि मरणारा कोण, एवढीच अदलाबदल.

टिळकांचे म्हणणे असे. ज्या दिवशी वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या दिवशी सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते कायम राहत नाही. ते हळूहळू मागे सरकते. एक नक्षत्र ओलांडायला सुमारे साडेनऊशे वर्षे लागतात. आज तो बिंदू उत्तराभाद्रपदात आहे. तिथून मृगापर्यंत उलटे मोजत गेले तर सहा नक्षत्रे होतात. हिशेब करा : साडेपाच-सहा हजार वर्षे. मार्गशीर्षाला जुने नाव आग्रहायण, म्हणजे वर्षाच्या तोंडाचा. तेव्हा एके काळी वर्ष मृगापासून सुरू होत होते, आणि वेदांतली त्याबद्दलची वचने तितकी जुनी आहेत. गंमत अशी की जर्मनीत हर्मान याकोबी नावाचा पंडितही त्याच सुमारास, टिळकांची काही वार्ता नसताना, जवळजवळ याच उत्तराला पोचला होता.

इथवर झाले गणित. पण टिळक पुढे गेले. त्यांनी लिहिले की ग्रीक 'ओरायन' हा शब्दच मुळी आपल्या 'आग्रयण'वरून झाला असावा. म्हणजे पारावरच्या पोराचे बरोबर उलटे! शब्द तिकडून इकडे नव्हे, इकडून तिकडे.

खरे सांगायचे तर भाषेच्या जाणकारांनी हे मानलेले नाही. ओरायनची व्युत्पत्ती तशी लागत नाही, आणि वेदांचा टिळकांनी ठरवलेला काळही बहुतेक अभ्यासक आज मान्य करीत नाहीत. परक्या शब्दाला घरचे मूळ शोधायची ओढ मात्र फार जुनी आहे. 'होरा'बद्दल वराहमिहिरानेही लिहून ठेवले आहे की काही लोक तो 'अहोरात्र' या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून झाला असे मानतात. म्हणजे सहाव्या शतकात, उज्जैनच्या पारावर म्हणा, आबांसारखेच कुणीतरी अस्वस्थ झाले होते. पण त्याच वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त असेही म्हटले आहे की यवन म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले आहे, आणि त्यासाठी त्यांचा ऋषींसारखा मान होतो. ऋषींसारखा! हे आपल्या ज्योतिषाच्या आचार्याच्या ग्रंथातले आहे, कुणा इंग्रजाच्या नव्हे.

टिळकही एका जागी अडून राहिले नाहीत. 'ओरायन' त्यांनी मॅक्समुल्लर या ऑक्सफर्डच्या पंडितापर्यंत पोचवले होते. मॅक्समुल्लरला वेदांचा एवढा जुना काळ मान्य नव्हता. पण १८९७ साली राजद्रोहाखाली टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर मॅक्समुल्लरची सही होती, आणि त्याने तुरुंगात ऋग्वेदाची प्रतही पाठवली. टिळक ६ सप्टेंबर १८९८ ला, मुदतीच्या आधी, सुटले. मत न पटणाऱ्या माणसासाठी सही करणे हे मला तरी पुस्तकापेक्षा मोठे वाटते.

आपल्या भागाशीही टिळकांचा संबंध आला, तो आनंदाचा नव्हे. त्यांचे मित्र बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले आणि मिळकतीची जबाबदारी टिळकांच्या गळ्यात पडली. त्यांच्या विधवा ताईमहाराज यांच्यासाठी दत्तक पाहायला टिळक जून १९०१ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आले. निधोनकर पंडित घराण्यातला जगन्नाथ हा मुलगा २८ जूनला दत्तक दिला गेला. निधोना हे नाव आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. मृग संपून आर्द्रा लागली होती. पुढे हे दत्तकविधानच झाले नाही असा वाद उभा राहिला, टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, शिक्षा झाली, ती १९०४ साली हायकोर्टात रद्द झाली. आणि मूळ दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लंडनहून आला तो १९१५ साली. एका मित्राला दिलेल्या शब्दापायी चौदा वर्षे. त्यातली सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते, १९०८ ते १९१४. तिथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले आणि पाली, जर्मन, फ्रेंच शिकले. परक्या सरकारने कोंडले असताना हा माणूस परक्या भाषा शिकत होता, हे पारावरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आणि आता ज्यासाठी मी ही सगळी साक्ष काढली ते. १९१७ साली रामकृष्णपंत भांडारकरांच्या गौरवग्रंथात टिळकांनी एक लेख लिहिला, चाल्डिया म्हणजे बाबिलोनकडचा देश आणि आपले वेद यांच्यावर. अथर्ववेदात सापाचे विष उतरवायच्या मंत्रांत आलिगी, विलिगी, उरुगूला, तैमात असे शब्द येतात. त्यांचा अर्थ कुणालाच नीट लागत नव्हता. टिळकांनी लिहिले की हे शब्द आपले नव्हेतच, ते चाल्डियाकडून आलेले आहेत. तैमात म्हणजे तिकडच्या पुराणातली तिआमत ही समुद्रातली सर्पिणी. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क म्हणणारा माणूस, वय साठीच्या पुढे, आणि कुणी विचारले नसताना स्वतः सांगतो की प्रत्यक्ष वेदात परके शब्द आहेत! त्यातल्या एकेका शब्दाच्या मुळाबद्दल आजही वाद आहेत, ते राहोत. हे कबूल केल्याने वेद लहान होतो असे टिळकांना वाटले नाही. आणि ते लिहिताना इंग्रजाने या देशातून जावे हा त्यांचा आग्रह तसूभरही कमी झालेला नव्हता. होमरूल लीग त्यांनी आदल्याच वर्षी काढली होती. शब्द कुठून आला हा एक प्रश्न, आणि आपल्यावर राज्य कुणी करावे हा दुसरा. त्यांनी दोन्हींची कधी गल्लत केली नाही. १ ऑगस्ट १९२० ला ते मुंबईत गेले. आपला मुलूख त्यानंतर अठ्ठावीस वर्षे निजामाखाली होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला.

हे सगळे मी पारावर एका बैठकीत सांगितले असे नाही. थोडे त्या दिवशी सांगितले, थोडे दुसऱ्या दिवशी, सरी येऊन गेल्यावर. आबा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, "म्हंजी भटजींनी जे मोडलं ते येवनाच्या हिशोबानं मोडलं?"

मी म्हटले, "आबा, हिशोब यवनाचा असो नाहीतर आपला, पाहायचा की नाही ते तुमच्या घराने ठरवायचे. त्यात मी पडत नाही."

"मंग नातीला इचारतो," ते म्हणाले, आणि उठले. घरी गेल्यावर त्यांनी वळचणीची पराणी काढली. बैलजोडी विकून चार वर्षे झाली, पराणी तिथेच खोचलेली होती. आर गंजली होती. ती त्यांनी नातीच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे बघ, केंद्र."

तिला काही कळले नाही. पण मुहूर्ताचे तिने सांगून टाकले : पेरणी उरकली की पहिल्या रविवारी.